सुरंगी, जास्वंद आणि चिप्पी: फुलांच्या फोटोंविषयी तुमचे प्रश्न

गेल्या अंकात सुरंगीच्या एका फांदीचा माझा काळापांढरा फोटो आला होता. झाडाफुलांच्या कलात्मक छायाचित्रणाबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, असं मी त्याखाली म्हटलं होतं. पत्रं आणि व्हॉट्सअॅप मिळून पुष्कळ आलं. एका अंकात सगळ्यांना पुरी पडणार नाही, म्हणून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आधी घेते. नावं कोणाचीच छापलेली नाहीत, गावं तेवढी दिली आहेत.

मावशी, मी कॉलेजात शिकतो. माझे फुलांचे फोटो सगळ्यांना आवडतात, ‘वॉलपेपरसारखा आलाय’ म्हणतात. पण तुमची सुरंगी बघितल्यावर वाटलं, माझ्या फोटोंत काहीतरी नाही. काय नाही तेच कळत नाही. (रत्नागिरी)

‘वॉलपेपर’ या शब्दावर तू अडलास, हे मला फार आवडलं. तू पाठवलेले अकराही फोटो मी दोन-दोनदा बघितले. तांत्रिक चूक काही नाही. पण अकरा झाडांची अकरा फुलं, आणि सगळी एकाच वेळेची: पुरती उमललेली, फ्रेमच्या मधोमध, मागचं सगळं विरघळलेलं. कुठे कळी नाही, देठ नाही, गळलेली पाकळी नाही. फूल कसं दिसतं ते कळतं, पण ते काय करतंय हे कळत नाही. कलेची व्याख्या करायला मी जाणार नाही. माझा स्वतःचा फोटो ठेवायचा की टाकायचा, हे मात्र मी याच एका प्रश्नावर ठरवते: यात फूल काही करताना दिसतंय का?

हे मला उशिरा कळलं, आणि सुरंगीपाशी कळलं. आमच्या वेंगुर्ल्याकडे फेब्रुवारी-मार्चात सुरंगी फुलते. तिची फुलं शेंड्याला येत नाहीत. जुन्या जाड फांदीच्या अंगालाच पोळं लागल्यासारखे झुबके धरतात. पहिली दोन वर्षं मी चहा-नाश्ता आटपून आठ-साडेआठला आरवलीला पोचत होते. फोटो छान यायचे, अगदी तुझ्यासारखेच. तिसऱ्या वर्षी झाडाखाली कळ्या निवडत बसलेली एक बाई म्हणाली, “बाये, तू येतस तवसर ता फुलान जाता.” गजऱ्याला कळी लागते, म्हणून काढणारे उजाडायच्या आत झाडावर चढलेले असतात. ऊन आलं की उरलेलं उमलून मोकळं होतं.

दुसऱ्या दिवशी मी साडेपाचला गेले. अंधारात आधी वास आला, मग फांदी दिसली. तू बघितलास तो फोटो उजाडता उजाडता काढलेला आहे. त्यात डावीकडे कळ्या खुडून नेलेल्या जागी नुसते देठांचे ठिपके आहेत, उजवीकडे हात न पोचलेले झुबके आहेत, आणि मधे एकच फूल चार पाकळ्या मागे टाकून उभं आहे. आता पुन्हा बघ. खुडणारा हात फोटोत नाही, पण तो कुठपर्यंत पोचला ते तुला दिसेल.

कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५–१९३२) हे नाव शोध. हा माणूस बर्लिनच्या कलाशाळेत शिकवायचा. विद्यार्थ्यांना नक्षीकाम शिकवायला म्हणून त्याने स्वतः जुळवलेल्या कॅमेऱ्याने कोंब, शेंगा, नेच्याची गुंडाळलेली पानं साध्या पार्श्वभूमीवर टिपली. काही तर तीसपटीपर्यंत मोठी केली. तरुणपणी तो लोखंडाच्या ओतशाळेत कलाकाम शिकला होता, आणि त्याच्या फोटोतला नेचा खरोखर लोहाराने तापवून वळवलेल्या पट्टीसारखा दिसतो. १९२८ साली ते फोटो पुस्तकरूपाने निघाले तेव्हा तो साठीत होता. इतकी वर्षं त्याने तेच काम केलं, आणि ती चिकाटी त्या प्रत्येक फोटोत उतरलेली आहे.

तुझ्या घरामागे तगर असो, घाणेरी असो, एकच झाड धर. पहिला आठवडा कॅमेरा नेऊ नकोस. वहीत फक्त वेळा लिही: कळी कधी सुटते, भुंगा कधी येतो, पाकळी कधी पडते. मग एका महिन्याचे फोटो मला पाठव.

बजेट पन्नास हजार आहे. कोणता कॅमेरा घ्यावा? (कणकवली)

आत्ता कुठलाच नको. हातातल्या फोनवर वर्षभर काढा. पैसे खर्चायचेच असतील तर दणकट ट्रायपॉड घ्या, कारण इतक्या जवळून काढताना फुलाबरोबर आपला श्वासही हलत असतो. पुढे लेन्स घ्याल तेव्हा ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढायची लेन्स, बघा. तिने फुलापासून थोडं लांब राहता येतं, आपली सावली त्याच्यावर पडत नाही.

लाल जास्वंदीचा फोटो काढला की पाकळीवरच्या शिरा, चुण्या सगळं नाहीसं होतं आणि नुसता लाल डाग उरतो. माझं काय चुकतं? (देवगड)

तुमचं काही चुकत नाही. कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग वेगवेगळे मोजतो. जास्वंदीची पाकळी जवळजवळ फक्त लालच परत पाठवते. कॅमेरा उजेडाचा अंदाज मात्र सगळं मिळून घेतो, आणि त्याला वाटतं, उजेड बेताचाच आहे. तिकडे लालची घागर केव्हाच भरून वाहायला लागलेली असते. जे सांडलं, त्यात शिरा आणि चुण्याही गेल्या. मागाहून त्या आणता येत नाहीत.

म्हणून उजेड आधीच कमी करा. फोनच्या पडद्यावर फुलाला बोट लावलं की सूर्याची खूण येते, ती खाली ओढा. फोटो जरा अंधारा वाटला तरी चालेल. कॅमेरा असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची सोय, उणे एक ठेवा, रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेलं जसंच्या तसं ठेवणारी) घ्या आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, तिन्ही रंगांचा वेगवेगळा लावा, कारण एकत्रित हिस्टोग्राम इथे फसवतो. दुपारच्या उन्हात जास्वंदीच्या वाटेला जाऊच नका. श्रावणातला ढगाळ दिवस, पाऊस थांबून पाच-दहा मिनिटं झालेली, आणि उजेड एका बाजूने, म्हणजे चुण्यांना सावली मिळते. नंतर रंग चढवायचा मोहही नको. लाल आणखी गडद केलात की तोच डाग परत येतो.

आणि एकदा रंग काढून टाकून बघा. माझे वडील वेंगुर्ल्याच्या बाजारात फोटो स्टुडिओ चालवायचे, डार्करूम घरामागच्या मांगरात होती. लहानपणी त्यांनी मला एकाच जास्वंदीचे दोन फोटो काढून दाखवले. लाल काचेच्या फिल्टरमधून काढलेल्या फोटोत फूल जवळजवळ पांढरं आणि पानं काळी. हिरव्या फिल्टरमधून फूल काळं, पानं उजळ. गणपतीला रोज वाहतो तीच जास्वंद, पण शेजारी शेजारी ठेवली तर एकमेकींना ओळखणार नाहीत. आज रंगीत फोटोचा काळापांढरा करताना लाल आणि हिरव्याचे स्लायडर सरकवून हेच करता येतं. नुसतं ‘ब्लॅक अँड व्हाइट’ बटण दाबलंत तर मात्र लाल फूल आणि हिरवं पान एकाच राखाडी रंगाचं होऊन बसतं.

माझी दोन मुलं लहान आहेत, सासूबाई अंथरुणावर आहेत. फुलांच्या मागे सड्यावर (जांभ्याच्या कातळ-पठारावर), घाटात फिरणं मला शक्य नाही. तरी हे जमेल का? (दापोली)

ताई, तुमचं पत्र मी बाजूला काढून ठेवलं होतं, कारण याचं उत्तर मला मनापासून द्यायचं होतं. जमेल.

इमोजेन कनिंगहॅम (१८८३–१९७६) या अमेरिकेतल्या छायाचित्रकार. पदरात तीन लहान मुलगे, घर सोडून काम करायला जाणं मुश्कील. मग त्यांनी कॅलिफोर्नियातल्या आपल्या परसातलीच झाडं टिपायला घेतली. १९२५ सालचं त्यांचं मॅग्नोलियाचं फूल आज जगभरच्या संग्रहालयांत आहे. ते त्यांनी इतक्या जवळून घेतलंय की फूल फ्रेममध्ये मावत नाही, आणि मधला केसरांचा शंकू देवळाच्या कळसासारखा उभा दिसतो. हा मॅग्नोलिया आपल्याला परका नाही. आपला सोनचाफा त्याच्याच कुळातला.

तेव्हा सोनचाफ्यापासूनच सुरुवात करा. तांब्यात एक फूल ठेवा. उत्तरेच्या खिडकीशी ठेवलंत तर उत्तम, तिथे वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही. मोडक्या छत्रीचं काळं कापड मागे लावा. खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्मोकोलचा तुकडा उभा केलात की सावलीत थोडा उजेड भरतो. मुलं झोपल्यावर मिळतील त्या वीस मिनिटांत एकच फोटो काढा. दुसऱ्या दिवशी तेच फूल, तीच जागा, तीच वेळ. तिसऱ्या दिवशीही. पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात, फूल मान टाकतं, आणि घरात वास मात्र अजून दरवळत असतो. ते तीन फोटो शेजारी शेजारी लावा. सासूबाईंनाही दाखवा, त्या काय म्हणतात ते मला कळवा. अंगणात बकुळ असेल, आम्ही तिला ओवळां म्हणतो, तर पहाटे खाली पडलेल्या फुलांना हात लावायच्या आधी, जशी पडली तशीच टिपा.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मुलांकडे कॅमेरे नाहीत, फोन शाळेत चालत नाहीत. तरी त्यांना झाडांचे फोटो काढायला शिकवायचं आहे. (मालवण)

बाई, तुमच्याकडे ऊन आहे आणि समुद्र आहे. कॅमेरा लागतच नाही.

जॉन हर्शल या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये सायनोटाइप ही उन्हाने निळं चित्र उमटवायची पद्धत शोधली. त्यांच्या ओळखीतल्या अॅना अॅटकिन्स (१७९९–१८७१) या बाईंनी १८४३ पासून तीच वापरून समुद्री शेवाळांची चित्रं उमटवायला घेतली. छायाचित्रांनी सजवलेलं जगातलं पहिलं पुस्तक त्यांचं मानतात. शेवाळ रसायन लावलेल्या कागदावर ठेवायचं, वर काच, आणि ऊन. बस. गर्द निळ्यावर पांढरं शेवाळ उमटतं, पाण्यात हलल्यासारखं. फोटोंच्या त्या पहिल्या पुस्तकात समुद्राकाठचं शेवाळ होतं, हे मालवणच्या मुलांना जरूर सांगा.

कृती अशी. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात, आणि पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम वेगळ्या १०० मिलिलिटर पाण्यात. ही द्रावणं तुम्ही किंवा विज्ञानाच्या शिक्षकांनीच करायची, हातमोजे घालून. स्वयंपाकाची भांडी वापरायची नाहीत. दुसऱ्या रसायनाच्या नावाने घाबरू नका, पण त्याच्याजवळ ॲसिड आणू नका आणि ते तापवूही नका. वापरायच्या वेळी दोन्ही समप्रमाणात मिसळा, जाड चित्रकलेच्या कागदाला मऊ ब्रशने पातळ हात द्या, अंधाऱ्या खोलीत वाळवा. कागद पिवळट हिरवा दिसेल. त्यावर मुलांनी आपापलं पान किंवा शेवाळ मांडायचं, काच ठेवायची आणि उन्हात न्यायचं. मे महिन्याच्या दुपारी पाच मिनिटंही पुरतील, डिसेंबरात जास्त लागतील. आधी एक पट्टी करून अंदाज घ्या. उघडा कागद राखाडी झाला की साध्या पाण्यात धुवा, पिवळं पाणी निघायचं थांबेपर्यंत. साबण लागता कामा नये. आणि मुलं हौसेने समुद्रावर धुवायला नेतील, तर नको, समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं, त्याने निळा रंग फिका पडतो. वाळताना निळा आणखी गडद होतो. ते मुलांना बघू द्या, मधे काही समजावून सांगू नका.

शेवाळ खडकावरून ओढून काढायचं नाही. मालवणचा किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे मुलांना माहीत असायलाच हवं. भरतीने वाळूवर आणून टाकलेलं पुरेसं मिळतं. गोड्या पाण्यात धुऊन टीपकागदात दाबून घेतलंत की कागदावर डाग पडत नाहीत. हिरव्या पातळ पडद्यासारखं उल्वा नावाचं शेवाळ सर्वांत सुंदर उमटतं, कारण त्यातून थोडं ऊन पार जातं आणि पांढऱ्याच्या आतही फिकट निळ्या छटा मिळतात.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते. तांदळाच्या डब्यात ठेवावी का? (गुहागर)

तांदळात नको, त्याची धूळ लेन्समध्ये जाते. चामड्याच्या पाकिटातही नको, बुरशीला ते फार आवडतं. रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि पाच-पन्नास रुपयांत नाही, पण परवडेल असा एक आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की ते दमलं. जुन्या कढईत मंद आचेवर परतलं की पुन्हा निळं होतं, ती कढई मग स्वयंपाकाला वापरू नका. आणि कॅमेरा जून ते सप्टेंबर पडून राहू देऊ नका.

लेन्सइतकीच काळजी छापलेल्या फोटोंची घ्या, हे मी पोळल्यामुळे सांगते. काही वर्षांपूर्वी एका सभागृहात काजूच्या मोहोराचे माझे चौदा फोटो लावले होते. फ्रेम करणाऱ्याने काच थेट कागदावर बसवली, मीही घाईत बघितलं नाही. पावसाळ्यात तिथली भिंत पाझरली आणि फोटो काचेला चिकटले. सोडवताना मोहोर काचेवर राहिला आणि माझ्या हातात पांढरा कागद आला. मला रडू आवरलं नाही. तेव्हापासून काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याचं माउंट असल्याशिवाय मी फ्रेम ताब्यात घेत नाही, आणि फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावते, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यामध्ये हवा खेळते.

आमचा ग्रुप जूनमध्ये सड्यावर दीपकाडीचे फोटो काढायला जातो. यंदा गावातल्या एका आजोबांनी आम्हाला हटकलं. फोटो काढल्याने फुलाचं काय बिघडतं? (राजापूर)

आजोबांचं बरोबर होतं. फोटोने काही बिघडत नाही, फोटो काढणाऱ्याने बिघडतं. तुम्ही पाठवलेल्या ग्रुपच्या फोटोत पाच जण पालथे पडलेले दिसतात. जांभ्यावर माती असते ती जेमतेम बोटभर, खळग्याखळग्यांत साठलेली. दीपकाडीचा कंद त्यातच असतो. ही पांढरी फुलं कोकणातल्या सड्यांखेरीज जगात फारशी कुठे नाहीत. पुढे त्याच ओलीत सीतेची आसवं येतात, गेंद येतात, त्यांची उंची काही बोटांची. तुम्ही एका फुलासाठी आडवे होता तेव्हा पोटाखाली काय चिरडतंय ते तुम्हाला दिसत नाही.

उघड्या कातळावरून चाला, मातीच्या खळग्यात पाय नको. एका वेळी एकाने जा. कॅमेरा खाली ठेवून पडदा वर वळवून बघता येतं, झोपायची गरज नाही. शेजारचं गवत उपटून फ्रेम ‘साफ’ करू नका. ते फूल त्या गवतातच उगवतं, ते फोटोतही दिसलं पाहिजे. फवाऱ्याने पाणी मारून खोटे थेंब आणू नका, जूनमध्ये कोकणात थेंबांची कसली टंचाई. आणि फोटो टाकताना जागेचं नाव लिहू नका. पुढच्या वर्षी जाल तेव्हा त्या आजोबांना सोबत घ्या. दीपकाडी कुठल्या पावसानंतर वर येते, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

तुम्हाला काढायचा आहे, पण अजून जमलेला नाही, असा फोटो कोणता? (सावंतवाडी)

चिप्पीचं फूल. खाडीतली पांढरी चिप्पी, तिवरांच्या सोबतीने वाढणारी. तिचं फूल दिवस मावळल्यावर उमलतं. पांढऱ्या केसरांचा दाट झुबका, वाऱ्याच्या झुळकीने हलणारा. रात्री वटवाघळं आणि पतंग त्यावर येतात, आणि उजाडेपर्यंत केसर गळून पाण्यावर तरंगू लागतात. सकाळी खाडीवर गेलात तर फक्त खालचा हिरवा पेला दिसतो.

पहिल्यांदा होडीतून प्रयत्न केला. होडी हलते, फांदी हलते, हाती काही लागलं नाही. पुढच्या वर्षी ओहोटीला चिखलात ट्रायपॉड रोवला, तो बघता बघता गुडघाभर खाली गेला. मग विजेरीच्या उजेडात काढला. फूल स्पष्ट आलं, अगदी केसर न् केसर मोजावा असं, पण ती रात्र नव्हती, ती खाडीही नव्हती. कोणीतरी ते टेबलावर ठेवून काढलंय असं वाटत होतं. तो फोटो मी ठेवला नाही.

आता चंद्राच्या उजेडात काढायचाय. आमच्या किनाऱ्यावर भरतीचा हिशेब तिथीवर करतात: तिथीची पाऊणपट. चतुर्थी म्हणजे चाराची पाऊणपट तीन, तीनच्या सुमारास भरती पुरी, आणि सहा तासांनी, म्हणजे रात्री नवाच्या आसपास पाणी सर्वांत खाली. वद्य चतुर्थीचा, म्हणजे संकष्टीचा चंद्रही साधारण त्याच सुमारास वर येतो. खाडीच्या पूर्वेला डोंगर आहे, त्यावर यायला त्याला आणखी थोडा वेळ धरायचा. तेवढ्या तास-दीड तासात चिखल उघडा असतो, वारा बहुतेक पडलेला असतो आणि फूल पुरतं उमललेलं असतं. शटर तीस सेकंद उघडं ठेवावं लागेल. झुळूक आली तर केसरांचा धूर होईल, आणि कोण जाणे, तोच फोटो खरा असेल.

ट्रायपॉडच्या पायांखाली ठेवायला तीन मोठ्या करवंट्या घासून ठेवल्यात. होडीवाल्याला सांगून ठेवलंय. येत्या संकष्टीला, उपास सोडायच्या आधी, मी तिथे असेन. काय झालं ते पुढच्या अंकात लिहीन.